फडावरची कचेरी, पडद्यावरची कचेरी

जुन्नर शहराची कीर्ती शिवनेरीमुळे दिगंत झाली हे यथार्थच आहे. परंतु ज्यांची उमेद कागदांच्या बाडांत खर्ची पडली त्या आम्हां दप्तरी मंडळींच्या लेखी या शहराचे आणखी एक माहात्म्य आहे, आणि ते म्हणजे जुन्नरी कागद. गिरण्यांचा स्वस्त कागद बाजारात येण्यापूर्वी येथील कागदी कुळांनी हाताने लाटलेला आणि घोटलेला हा कागद मराठेशाहीच्या कारभारात नावाजलेला होता, आणि त्यावर बोरूने उमटलेल्या हुकमांनी कोणाचे वतन राहिले, कोणाचे गेले, कोणाची सबब मंजूर झाली आणि कोणाच्या कैफियतीवर वर्षानुवर्षे धूळ साचली. योगायोग असा की, कचेरीतल्या विनोदाचा जो नमुना आज जगभर प्रमाण मानला जातो, ती 'द ऑफिस' ही मालिकाही कागद विकणाऱ्या पेढीतच घडते: २००१ साली बीबीसीने दाखविलेल्या मूळ मालिकेतील पेढी इंग्लंडातील स्लाव या गावची, २००५ पासून चाललेल्या अमेरिकी अवतारातील पेढी स्क्रँटनची, आणि २०१९ साली हॉटस्टारवर आलेल्या हिंदी अवतारातील पेढी फरिदाबादची. यांतील बराच भाग मी नारायणगावी बसून सवडीने पाहिला. आणि कागदाच्या गावाचा शेजारी म्हणून म्हणा, किंवा बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या, टेबलावर चार वर्षे काढल्याचा परिणाम म्हणून म्हणा, एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. कचेरीवर रचलेल्या या विनोदी मालिकांची कथानके इतक्या लवकर का उसवतात, आणि त्यांतली माणसे वीस-पंचवीस भागांनंतर माणसे न राहता सवयींची बुजगावणी का होऊन बसतात?

या प्रश्नाचा आढावा घ्यावयाचा तर आरंभ पडद्यापासून न करता फडापासून करावा लागतो, आणि याचे कारण केवळ स्थानाभिमान नव्हे. 'फड' या एका शब्दात आमच्या भाषेने कुस्तीचे मैदान, उसाचे शेत, तमाशाची मंडळी आणि सरकारी कामकाजाची जागा या चार गोष्टी एकत्र नांदविल्या आहेत. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात 'फड' नावाचे एक स्वतंत्र खातेच होते. ज्या समाजाला कचेरी आणि तमाशा यांना एकच शब्द पुरला, त्या समाजाने कचेरीचा तमाशा फार पूर्वीच मांडला असला तर त्यात नवल कसले? गण, गौळण, बतावणी आणि वग हा जो तमाशाचा क्रम, त्यातील वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो, हवालदार असतो. म्हणजे सिंहासनापासून पहाऱ्यापर्यंतची संपूर्ण आस्थापना रंगमंचावर हजर असते. उमा-बाबू सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा १८६५ चा वग पहिला मानतात. तेव्हापासून धरले तरी या आस्थापनेची सेवा दीडशे वर्षांहून अधिक भरते.

या परंपरेतील कचेरी-विनोदाचा सर्वोत्तम नमुना कोणता असे कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याचे नाव घेईन. १९६५ साली दादा कोंडके यांनी ते रंगभूमीवर आणले. त्याचे मूळ नाव 'छपरी पलंगाचा वग', आणि हिंदीत ते 'सैंया भये कोतवाल' म्हणून गाजले. लोक त्यातील द्व्यर्थी संवादांची आठवण काढतात, कोंडक्यांच्या हवालदाराची ढब आठवून हसतात. परंतु मला त्याची संहिता पुनःपुन्हा वाचावीशी वाटते ती निराळ्याच कारणासाठी. त्यातील कथानक किती साधे आणि किती घट्ट आहे पाहा. कोतवाल मरतो, म्हणजे एक जागा रिकामी होते. हवालदाराचा त्या जागेवर सेवाज्येष्ठतेने हक्क आहे. प्रधानाला तेथे आपला मेहुणा बसवावयाचा आहे आणि तो बसवितोही. मग हवालदार आणि त्याची प्रेयसी मैनावती मिळून नव्या कोतवालाला अशा मोहात पाडतात की, त्याने प्रत्यक्ष राजाचा छपरी पलंग चोरून आणावा. चोर पकडणे हे ज्याचे काम, त्यालाच चोरी करावयास लावणे, आणि तीही ज्याच्या हुकमाने नेमणूक झाली त्या राजाच्या शयनगृहात: कथानकाचा एकेक धागा खुर्चीच्या पायाला बांधलेला आहे. हवालदाराचा स्वभाव, त्याचा मिश्कीलपणा, त्याची शृंगारिक चलाखी ही सारी खुर्चीभोवती फिरते. खुर्ची बाजूला काढली तर त्याच्याजवळ विनोद उरेल, गोष्ट उरणार नाही.

येथे मला माझे म्हणणे एकदा स्पष्ट मांडू द्यावे. कचेरी म्हणजे एका छपराखाली जमलेली दहा विक्षिप्त माणसे नव्हेत. विक्षिप्त माणसे लग्नघरातही जमतात आणि एस. टी.च्या थांब्यावरही. कचेरीला कचेरीपण येते ते दोन गोष्टींनी: एक खुर्ची, म्हणजे अधिकाराची उतरंड, आणि दुसरा कागद, म्हणजे ज्याच्या हालचालीवर खिडकीबाहेरच्या कोणाचे तरी भवितव्य अवलंबून असते असा अर्ज, हुकूम, दाखला किंवा ठराव. ज्या लेखकाने या दोहोंतून गोष्ट काढली त्याची मालिका तगली. ज्याने या दोहोंना नेपथ्यातील सामान समजून माणसांच्या लकबींवर भिस्त ठेवली, त्याचे कथानक पहिल्या हप्त्याला हसले, दहाव्याला धापा टाकू लागले.

वगाचे वकीलपत्र घेऊन मी उभा नाही. वगाची कथानके बहुधा ढिसाळ असत. उत्तरार्धात राजा अकस्मात अवतरून न्यायनिवाडा करी, हरवलेला भाऊ ताईताच्या खुणेवरून सापडे, आणि नाच्यापोरीच्या एका लावणीसाठी सारी फौज अर्धा तास खोळंबून राही. पुढे पुढे तर दरोडेखोर, सूड आणि चित्रपटांतून उसना आणलेला करुणरस यांनी वगाचा पिंडच बदलून गेला, आणि रंगबाजीतल्या सिनेमाच्या गाण्यांनी व ध्वनिक्षेपकाच्या रात्रीच्या मुदतीने त्याचा वेळही खाल्ला. तरीही ही ढिसाळ कथानके खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, कारण त्यांना एक असा परीक्षक होता की जो दर रात्री समोर बसलेला असे. नारायणगावी फाल्गुन-चैत्रात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच यात्रेची तारीख आणि बिदागीचा आकडा मनाशी धरून येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात, आणि सुपारी ठरते. या गावाला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. भाऊ-बापू मांग यांचा फड येथला, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव तर राज्य शासनाने आपल्या तमाशा-जीवनगौरव पुरस्कारालाच दिले. या व्यवहारात पंचांचा प्रश्न एकच असतो: गेल्या वर्षी तुमच्या वगाला लोक उठून गेले होते, यंदा काय? जुन्नर-आंबेगावच्या यात्रेकरूला रुची नाही असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा त्याच्या शेजारी फुफाट्यात बसून पाहावे. सोंगाड्याने कालचेच वाक्य आज उच्चारले की, तो पागोटे सावरीत शांतपणे भेळेच्या गाड्याकडे चालू लागतो. आणि सोंगाड्या तेथल्या तेथे गावच्या सोसायटीच्या निवडणुकीवर कोटी करून त्याला परत बसवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी जी 'हजेरी' होते तिचे नावही पाहा: रात्रभर जागलेल्या कलावंतांनी पुन्हा गावासमोर हजर होऊन आपली नोंद करावयाची.

पडद्यावरील नटाला ही हजेरी द्यावी लागत नाही. त्याला दाद कोणत्या वाक्यास मिळाली हे त्याला कळत नाही, आणि ध्वनिमुद्रित हास्याने तर त्याची दिशाभूलच होते. काळू-बाळू या कवलापूरकर जुळ्या भावांनी 'जहरी प्याला'मध्ये हवालदाराच्या वेषात जे केले ते वर्षानुवर्षे टिकले, याचे रहस्य जुळेपणाच्या गमतीत जितके होते तितकेच त्या गमतीला दररात्री नवे निमित्त शोधण्याच्या सावधपणात होते, असे मला वाटते. सोंगाड्याचे पात्रही साचेबंदच. पण तो साचा रोज तापवून घ्यावा लागे.

दूरचित्रवाणी या मुलखात आली ती विलक्षण वाटेने. याच जुन्नर तालुक्यात आर्वी येथे सत्तरच्या दशकाच्या आरंभी उपग्रहाशी संधान बांधणारे भूकेंद्र उभे राहिले, आणि तेथून चार कोसांवर खोडदला पुढे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आकाशगंगांचे पुटपुटणे ऐकू लागली. विश्वाची कुजबुज ऐकण्याची सोय आमच्याकडे होती, मुंबईचा कार्यक्रम मात्र सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्राच्या कृपेने, १९७३ नंतर, तोही डोंगर आडवा न आला तर, दिसे. त्या काळच्या मुंबई दूरदर्शनने मराठी विनोदाला जे उत्तम दिले त्यात चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे स्थान अग्रगण्य आहे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ मूर्तिमंत केले, यात शंका नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: चिमणराव पेशाने कारकून असूनही त्याची खरी रणभूमी घरच आहे. तोच शिरस्ता पंचवीस वर्षांनंतरच्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या अल्फा मराठीवरील मालिकेने चालविला. टिपऱ्यांचा शेखर नोकरी करतो, कचेरीतून थकून येतो, साहेबाविषयी कुरकुरतो. परंतु कचेरी दाराबाहेरच राहते. मराठी विनोदकारांनी कचेरीला घराची चप्पल समजून उंबऱ्यापाशी काढून ठेवले, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. त्यातून त्यांचा लाभही झाला, कारण घरात बाप, मुलगा, सून या नात्यांना स्वतःचेच वजन असते आणि माणूस वाढत्या वयाबरोबर बदलतो. आबा टिपऱ्यांचे म्हातारपण ही गोष्टीची गती होती. मात्र कचेरी रंगविण्याचा हात त्यामुळे आमच्याकडे बसलाच नाही.

तो हात बसविण्याचा यत्न हिंदीने केला. सब वाहिनीवर २००१ च्या सुमारास आलेली 'ऑफिस ऑफिस' ही मालिका महाराष्ट्रातही घरोघर पाहिली गेली. पंकज कपूर यांनी रंगविलेला निवृत्त शिक्षक मुसद्दीलाल, आणि त्याच्यासमोर देवेन भोजानी, मनोज पाहवा, संजय मिश्रा, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी यांनी उभी केलेली कारकुनांची अभेद्य तटबंदी. या मालिकेची रचना तमाशाच्या फडाशी किती जुळते पाहा: माणसे तीच, त्यांची नावे आणि खोडी त्याच, मात्र दर वेळी खाते निराळे, आज ती निवृत्तिवेतनाच्या कचेरीत, उद्या रुग्णालयात, परवा आणखी कोठे. एकच फड आज एका वगाला, उद्या दुसऱ्या वगाला उभा राहतो, तसेच. यातून एक गहन अर्थ निघत होता, की खाते कोणतेही असो, खिडकीमागचा चेहरा एकच. परंतु याच युक्तीत मालिकेचे दौर्बल्यही दडलेले होते. गोष्ट सर्वथैव खिडकीबाहेरून सांगितलेली असल्यामुळे कारकुनाला आतून कोणी पाहिले नाही. त्याला साहेबाची भीती नाही, बदलीची धास्ती नाही, मुलीच्या लग्नाची चिंता नाही. कोणी सामोसे खातो, कोणी पानाची पिंक टाकतो, कोणी प्रत्येक गोष्टीच्या दोन शक्यता सांगितल्याशिवाय वाक्य पुरे करीत नाही. हे त्यांचे स्वभाव नसून त्यांच्या गळ्यातल्या पाट्या होत्या. अर्जदाराचे हेलपाटे पहिल्यांदा पाहताना पोटात कालवते, पाचव्यांदा पाहताना हसू येते, पंधराव्यांदा पाहताना आपण मनातल्या मनात पुढचा हेलपाटा त्याच्या आधी घालून मोकळे होतो. मुसद्दीलाल तगला तो कपूरांच्या डोळ्यांतल्या अपमानित सौजन्यामुळे, लेखनामुळे नव्हे.

आता कागदवाल्या पेढीकडे वळतो. बीबीसीची मूळ मालिका चौदा भागांतच आटोपली, दोन नाताळविशेष त्यांत धरून. आणि तिचा हा संयम तिच्या पथ्यावर पडला. तेथील साहेब डेव्हिड ब्रेंट याला हुकूम गाजवायचा नसून लाडके व्हावयाचे आहे, आणि डोक्यावर शाखा बंद होण्याची व नोकरकपातीची तलवार लटकत असताना तो विनोद सांगत सुटतो. म्हणजे खुर्ची डळमळीत आहे आणि खुर्चीवरचा माणूस त्या डळमळीस टाळ्या समजतो आहे. ही गोष्ट आहे. अमेरिकी अवताराने तीच पुंजी घेऊन नऊ पर्वे आणि दोनशे एक भाग व्यापार केला, तेव्हा भांडवल खाल्ले जाणे क्रमप्राप्तच होते. जिम आणि पॅम या सहकाऱ्यांच्या अव्यक्त प्रीतीवर आरंभीची वर्षे तरली; २००९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि लेखकांच्या हातातला तो तलम धागा संपला. २०११ मध्ये साहेब मायकेल स्कॉट पेढी सोडून गेला, आणि मग खुर्चीवर कोण, या प्रश्नाला आलेल्या उत्तरांपैकी एकही उत्तर लेखकांस स्वतःसच पटलेले दिसत नाही. अँडी हे पात्र साहेब झाले, मग शेवटच्या पर्वात नावेतून दीर्घ प्रवासाला निघून गेले, आणि परतल्यावर त्याचा स्वभावच पालटलेला. या पालटाला कारण कथेत शोधून सापडत नाही. त्याहून करुण अवस्था केव्हिन या हिशेबनिसाची. आरंभी तो मंदगतीने बोलणारा, मनात काहीतरी मिश्कील शिजत असणारा मनुष्य होता. हळूहळू लेखकांनी त्याच्या मंदपणावर दर हप्त्याला थोडे थोडे व्याज चढविले, आणि शेवटी अशी पाळी आली की, एवढ्या बुद्धीचा मनुष्य कोणत्याही पेढीने हिशेबाला आठवडाभरही ठेवला नसता. ज्याच्या वह्या कोणी तपासत नाही असा हिशेबनीस! आमच्याकडे लेखापरीक्षकाची गाडी फाटकात शिरली की भल्याभल्या कारकुनांना पाणी मागवावे लागे. कागदाचे वजन ज्या कचेरीत शून्य झाले, तेथे माणसाच्या मूर्खपणालाही सीमा उरत नाही. कारण मूर्खपणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही.

हिंदी अवताराविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्याने प्रसंगांमागून प्रसंग तसेच्या तसे उचलले, आणि भाषांतर करताना जे हरवते ते सर्व हरविले: आपल्या कचेरीतला 'साहेब' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, शिपायाच्या हाती जी गुप्त सत्ता असते, चहाच्या पैशांवरून जी राजकारणे होतात, त्यांपैकी फारच थोडे त्यात उतरले.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर बीबीसीच्याच 'येस मिनिस्टर'चे आहे. १९८० ते ८४ या काळात तिचे अवघे बावीस भाग झाले, आणि जवळपास प्रत्येक भाग एका कागदाभोवती उभा आहे: एखादे टिपण, एखादा प्रस्ताव, एखाद्या समितीचा अहवाल. मंत्र्याला कागद पुढे रेटावयाचा आहे, सचिवाला तो जिरवायचा आहे. दोघांचे स्वभाव एकेका वाक्यात सांगता येतील इतके साधे. तरी ते कंटाळवाणे होत नाहीत, कारण कागद दर खेपेस नवा असतो. हिंदीत फारूख शेख यांनी 'जी मंत्रीजी'मध्ये तो मंत्री केला होता. आणि आपल्या मराठीत, लहान नव्हे तर मोठ्या पडद्यावर, २००७ च्या 'जाऊ तिथे खाऊ' या चित्रपटात विहीर केवळ कागदावर खणली जाते, आणि मग मकरंद अनासपुरे यांचा नायक ती विहीर चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन उभा राहतो. पंचनामा कशाचा करावयाचा? नसलेल्या विहिरीचा? कागद खरा मानावा तर चोरी खरी, चोरी खोटी मानावी तर कागद खोटा. या एका कोड्यात जेवढे कथानक भरले आहे तेवढे कित्येक मालिकांच्या शंभर भागांत सापडत नाही.

सांप्रतच्या मराठी वाहिन्यांचे सामर्थ्य निर्विवाद आहे, पण ते कशाचे आहे हे नीट ओळखले पाहिजे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ पासून आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून जे करीत आले, ते तमाशाच्या परिभाषेत सांगायचे तर बतावणी आहे: दोन-तीन जण पुढे यावेत, एका विषयाचे धिरडे उलटसुलट भाजावे, आणि दहा मिनिटांत रजा घ्यावी. या कलेत आजचे नट पारंगत आहेत. समीर चौघुले यांच्यासारख्या नटाच्या अंगविक्षेपात आणि शब्दफेकीत जातिवंत सोंगाड्याचे रक्त आहे, हे मी आनंदाने मान्य करीन. परंतु बतावणीची कसदार मंडळी घेऊन वग उभा राहीलच असे नाही. २०२३ च्या जानेवारीत सोनी मराठीवर 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' ही मालिका सुरू झाली, तेव्हा मला फार आशा वाटली होती. टपालकचेरी, मकरंद अनासपुरे, हास्यजत्रेतील मंडळी, आणि मावळतीला लागलेले एक खाते! पाहू लागलो तेव्हा हसलोही पुष्कळ. मात्र भागामागून भाग जाऊ लागले तसतसे ध्यानात आले की, प्रत्येक नट आपापली बतावणी बगलेत मारून कचेरीत शिरला आहे. त्या बतावण्या एकमेकींशेजारी बसल्या, एकमेकींत मिसळल्या नाहीत. टपालखात्याच्या उदरात किती नाट्य साठलेले आहे! तार म्हटली की गावात रडारड होई, आणि तार सेवा २०१३ च्या जुलैत कायमची थांबली. रजिस्टर टपालाची पोच घेताना सही करणारा हात थरथरे, आणि ते रजिस्टर २०२५ च्या सप्टेंबरात स्पीड पोस्टात विलीन झाले. ज्या कचेरीचे कामच दरवर्षी तिच्या हातातून निसटते आहे, तेथल्या पोस्टमास्तराची खुर्ची ही केवढी विनोदी आणि केवढी हृदयद्रावक वस्तू आहे! मला ती खुर्ची हवी होती. मिळाली माणसांची चेष्टामस्करी. गंमत अशी की, टपालाचे मर्म बतावणीच्या कार्यक्रमालाच आधी गवसले होते: 'चला हवा येऊ द्या'त सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचीत, तेव्हा हशा थांबे आणि सभागृहात एक गंभीर शांतता पसरे. कागद खरा होता, म्हणून.

आपल्याकडच्या या मालिकांत एक दोष समान आहे, आणि तो परदेशी नमुन्यावरून आलेला आहे असे मला वाटते. त्यांतील कचेरीत काळ चालत नाही. भागाच्या अखेरीस सारे पूर्वपदावर येते, जसे सारीपाट आवरून ठेवावा. आपल्या कचेरीचा तर सारा संसार काळाच्या तीन क्रियापदांवर चालतो: बदली, बढती, निवृत्ती. मे महिन्यात बदल्यांची यादी निघते तेव्हा घोडेगावच्या काय आणि जुन्नरच्या काय, कोणत्याही तालुका कचेरीत जे वातावरण असते ते नाटककाराने फुकट घेऊन जावे असे आहे. ज्याच्याशी वर्षभर वैर केले त्याच्याच हाताखाली जाण्याचा प्रसंग, निरोपसमारंभातील भाषणे, श्रीफळ आणि शाल यांचा हिशेब, जाणाऱ्याने मागे ठेवलेल्या अपुऱ्या फायली आणि येणाऱ्याने त्या फायलींना हात लावण्यापूर्वी घेतलेली लेखी हमी. माणूस बदलला तरी खुर्ची राहते, आणि खुर्चीवर बसता बसता नवा माणूस जुन्यासारखा दिसू लागतो. याहून मोठे व्यक्तिचित्रण कोणते?

आमच्याच जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत विषयांचा दुष्काळ आहे काय? बिबट्याने शेळी नेली की वनखात्याचा पंचनामा होतो, आणि शेळी बिबट्यानेच नेली, कुत्र्याने नव्हे, हे कागदावर सिद्ध करण्याचे ओझे शेळीच्या धन्यावर पडते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, शेळीसाठी मात्र फक्त नमुना अर्ज. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती उठली, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. त्यानंतर घाटात गाडा पळविण्यापूर्वी परवानगीचा कागद पळवावा लागतो, आणि यात्रा कमिटीचा अध्यक्ष, पशुवैद्य, पोलीसपाटील व मंडल अधिकारी यांच्या चौकोनात तो कागद ज्या वेगाने किंवा ज्या मंदगतीने फिरतो, त्याचीच खरी शर्यत होते. डिंभे धरणाखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव नाही, आणि कचेरी घोडेगावी. नसलेल्या गावाच्या नावाने चालणारा तालुका ही कल्पना कोणा विनोदकाराने योजली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

मी स्वतः ज्या कचेरीत होतो, तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे, तेथे एकदा वरिष्ठांचे स्मरणपत्र आले की, अमुक क्रमांकाच्या पत्राचे उत्तर अद्याप का नाही. ते पत्र आवक नोंदवहीत नव्हते. मी तसे नम्रपणे कळविले. माझे ते उत्तर तीन टेबले फिरून, प्रत्येक टेबलावर एकेक शेरा घेऊन, सहा आठवड्यांनी 'चौकशी करून अहवाल द्यावा' या हुकमासह आले ते माझ्याच टेबलावर. मी चौकशी केली. स्वतःचा जबाब घेतला. आणि संबंधित कर्मचाऱ्याचे वर्तन समाधानकारक असल्याचा अहवाल पाठविला. तो मान्य झाला. या प्रसंगात माझ्या स्वभावाला काही स्थान नव्हते, माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच घडते. आणि तरी त्या सहा आठवड्यांत माझा स्वभाव कायमचा थोडा वाकला, हेही तितकेच खरे.

गेल्या चैत्रात आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेला गेलो होतो. रात्री राजा-प्रधान-कोतवालाचाच वग होता, बराचसा तुटक आणि घाईचा. कर्ण्याची मुदत संपत आल्यामुळे न्यायनिवाडा चार वाक्यांत उरकला, हवालदाराला बढती मिळाली आणि पडदा पडला. सकाळी हजेरीला मंडळी बसली, डोळे तांबारलेले, अंगावर उपरणी ओढून. सोंगाड्या पुढे आला आणि गणाला तोंड लागणार एवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबविले, आणि विचारले की, रातच्याला हवालदार कोतवाल झाला ते झाकच झालं, पण मग हवालदाराच्या जाग्यावर कोण घेतला?

सोंगाड्याने ढोलकीवाल्याकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे, आणि म्हणाला, "बाबा, अर्ज आणलाय का?"

म्हाताऱ्याने बंडीच्या खिशात हात घातला.